मागच्या पिकोला जोडा

आठव्यांदा कापलं. पहिल्यांदा कापताना जीव हळहळला होता, आता कात्री कांदा चिरावा तशी चालली.

टॅटिंग ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विणकामात चुकलं तर दोरा ओढायचा, सर्रकन उसवतं, माणूस नव्यानं शहाणा होतो. टॅटिंगमध्ये ती सोय नाही. होडीच्या आकाराचं बोटभर शटल असतं, त्यावर दोरा गुंडाळायचा आणि गाठी मारत जायचं. गाठींचा गोल आवळला की ती रिंग, गाठींची कमान केली की ती चेन, आणि मध्ये सोडलेला दोऱ्याचा इवलासा फास म्हणजे पिको. रिंग एकदा आवळली की आवळली. चुकलं तर कापा. माझ्या टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात अशी सात पांढरी मढी पडली होती. हे आठवं.

टोपड्यासाठी चाललं होतं सगळं. माझ्या लेकीला, मैत्रीला, सातवा महिना लागला होता. टोपड्याच्या मागच्या बाजूला एक गोल फूल बसवायचं आणि कडेनं लेस. लेस झाली होती. फूल होत नव्हतं.

कागदावर फुलाचं लिहिलेलं होतं ते इतकंच:

"रिंग 5 पि 5 पि 5 पि 5. २ रिंगांमधे चेन ००. मागच्या पिकोला जोडा. उलटं करा. असं सहादा. फूल सपाट बसेल."

आता बघा. चेन किती गाठींची, ते लिहिलेलंच नाही. पुढं दोन गोल काढलेत. कागदाच्या वरच्या भागात रिंगसाठी असाच गोल काढलेला होता, म्हणजे चेन करून आणखी दोन रिंगा करायच्या, असा मी अर्थ लावला. मग "मागच्या पिकोला." मागचा म्हणजे आत्ताच केलेला, की पाठीमागच्या बाजूचा, की मागच्या फेरीचा? मराठीत मागचं म्हणजे होऊन गेलेलं आणि मागचं म्हणजे मागं राहिलेलंही. आणि "उलटं करा" म्हणजे काय उलटं करा? पालथं, की खालचं वर? मी दोन्ही करून बघितलं. चेन पाच गाठींची केली, सातची केली, बाराची केली. प्रत्येक वेळी फूल सपाट बसायच्या ऐवजी मधून फुगून वर यायचं, कडा वळवळायच्या, आणि हातात कोबीचा गड्डा शिल्लक राहायचा.

पॅटर्न वाईट लिहिलेला असतो, माणूस चिडतो, फेकून देतो. मीही पहिल्या तीन वेळा चिडले. चौथ्या वेळेपासून चिडायचं बंद झालं. भीती वाटायला लागली.

सौम्याच्या क्लासात आम्ही सहा जणी. बेळगावच्या कॅम्पात तिच्या पुढच्या खोलीत, शनिवारी तीन ते पाच. सौम्या घरात कानडी बोलते, आमच्याशी मराठी, आणि दोन्हीत सारखीच भरभर. ज्या शनिवारी तिनं हे फूल हातानं करून दाखवलं, त्या शनिवारी मी मैत्रीबरोबर डॉक्टरकडे गेले होते. मग सौम्यानं कागदाचा फोटो पाठवला आणि मी तो शहापुरात आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. छपाई कसली, काजळ फासलं होतं.

आठवड्याभरात ग्रुपवर बाकीच्यांच्या फुलांचे फोटो यायला लागले. एक, दोन, चार. पाचवा अंबुबाईचा. अंबुबाई दुसरीतनं शाळा सोडलेली, ग्रुपवर फक्त आवाज रेकॉर्ड करून पाठवते. तिचं फूल पापडासारखं सपाट.

"नीलम आक्का, तुमचं कुठंपर्यंत आलं?" सौम्यानं लिहिलं.

"होत आलंय," मी लिहिलं आणि वर हसरा चेहरा टाकला. पुढचे शनिवारही काही ना काही निमित्त काढून चुकवले.

तुम्ही म्हणाल, विचारायचं की सरळ. दोन ओळींचा प्रश्न. पण समजा मी विचारलं आणि ती म्हणाली, "ह्यात न कळण्यासारखं काय आहे आक्का, सगळ्यांना तर कळलं." मग? मग मला जे कळलं असतं, ते फुलाविषयी नसतं.

त्यासाठी माझ्या आईचं सांगावं लागेल.

माझी आई, सुलाबाई, निपाणीत विड्या वळायची. दिवसाला हजार. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि तोंडानं शेजारणीशी भांडण चालू. पंचवीस विड्या झाल्या की दोऱ्यानं बांधून बंडल. ती कधी मोजायची नाही. बोटांना कळायचं. पंचविसावी विडी आली की हात आपोआप दोऱ्याकडे जायचा. कारखान्यात माल तपासणारा आण्णाप्पा म्हणून होता, तो बाकीच्या बायकांची बंडलं सोडून मोजायचा, आईची नुसती हातात तोलून बाजूला ठेवायचा. "सुलाबाईचं बंडल म्हंजे सरकारी वजन," म्हणायचा.

मैत्री जन्मली तेव्हा मी बेळगावात टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. अर्ध्या गावाचे नंबर मला तोंडपाठ. लोक नाव सांगायचे, मी डायरी न उघडता नंबर सांगायची. त्याचा मला गर्व होता, आणि तो आईच्या बोटांतून माझ्या डोक्यात आलाय असं वाटायचं. रजा संपली तशी मैत्रीला सहा महिन्यांची असताना निपाणीला आईकडं ठेवली. शनिवारी ड्यूटी सुटली की एसटी धरायची, सोमवारी पहाटे परत.

अशाच एका रविवारी आण्णाप्पा दारात आला. चप्पलसुद्धा काढली नाही.

"सुलाबाई, ह्या आठवड्याला तुमची बारा बंडलं परत आल्यात. तेवीस, बावीस. एक तर सत्तावीस."

"तुझं डोळं गेल्यात व्हय रं?" आई म्हणाली. "माज्या बोटांस्नी शिकवाय आलास?"

आम्ही सगळ्या हसलो. आण्णाप्पाही हसला, पण बंडलं ठेवून गेला.

दुपारी आई झोपल्यावर मी ती सोडून मोजली. तेवीस. बावीस. सत्तावीस. मग त्या आठवड्याची नवी बंडलं मोजली. त्यातही तेच. मी काय केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी बसून सगळी बंडलं पंचवीसची केली, आई बांधायची तशीच गाठ मारली आणि परत सुपात रचून ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. पाच महिने. आण्णाप्पाची तक्रार आली नाही. आईला काही झालं नाही, असं घरात सगळ्यांना वाटलं, आणि असं वाटावं अशी माझी सोय होती, कारण बेळगावात माझी पोर सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं.

मग बाजाराचा दिवस. आई अकरा महिन्यांच्या मैत्रीला कडेवर घेऊन भाजीला गेली. दोन्ही हात लागतात म्हणून पोरीला एका पोत्यावर बसवलं, वांगी निवडली, घेतली आणि घरी आली. शेजारणीनं विचारलं, "पोरगी कुटाय?"

"गेली की बेळगावला, आईकडं," आई म्हणाली आणि वांगी चिरायला बसली.

अडीच तास. नागुबाई भाजीवालीनं दिवस कलताना मैत्रीला घरी आणून दिली. पोरीच्या तोंडात वांग्याचं देठ होतं आणि ती हसत होती, असं नागुबाईनं मला पुढच्या शनिवारी सांगितलं. आईनं सांगितलं नाही. आईनं लपवलं की विसरली, ते मला कधीच कळलं नाही. शेवटी-शेवटी ती मला "ओ बाई" म्हणायची आणि घरी सोडा म्हणून हात जोडायची. तिच्याच घरात.

तर असं. आई तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. मी आता छप्पन्नची आहे. आणि मला सहा रिंगांचं फूल मोजता येत नव्हतं.

मी स्वतःच्या परीक्षा घ्यायला लागले. सकाळी बुद्धवंदना म्हणताना मध्येच थांबायची, पुढची ओळ येते का बघायची. यायची, पण थांबल्यामुळं पळभर अडखळायची, आणि तेवढ्यासाठी मी पहिल्यापासून पुन्हा म्हणायची. जुने नंबर आठवून बघायची. पोलीस चौकी आठवायची, टॉकीज आठवायचं, सोनाराचा नंबर अर्धाच यायचा. तो सोनार जाऊन पंधरा वर्षं झाली, त्याचा फोन बंद झाला, पण मी त्या अर्ध्या नंबरासाठी दुपारभर ओट्याशी उभी.

"आमटीत काय बुडालंय?" आमचे दीपंकर म्हणाले. रिटायर झाल्यापासून ते स्वयंपाकघरात इन्स्पेक्शनला येतात.

"काही नाही."

"मग हुडकतीयास काय पळीनं?"

मी गॅस बंद केला. तो बंद केला की नाही हे बघायला दोनदा परत आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा दीपंकर हसले, मग हसायचे थांबले आणि पेपर उचलून बाहेर गेले. त्यांनी माझ्या आईची शेवटची वर्षं बघितलेली आहेत.

मैत्री बँकेत आहे. नवरा विक्रम हुबळीला, त्यामुळं ती बाळंतपणाआधीच आमच्याकडं राहायला आलेली. तिनं सगळं ठरवून टाकलं होतं. बँकेतल्या माणसांना हप्त्यांची सवय, आयुष्यही तसंच आखतात.

"सहा महिने रजा. मग मी ब्रँचला आणि बाळ तुझ्याकडं," ती चुरमुरे खात म्हणाली.

"पाळणाघर बघूया की एखादं. चांगली निघालीत आता."

"पाळणाघर?" तिनं मूठ तशीच धरली. "तू घरात असताना?"

"मला होणार नाही आता."

"काय होणार नाही? जिने चढतीस, कॅम्पापर्यंत चालत जातीस. टॅटिंगला वेळ आहे."

"मैत्री..."

"सरळ सांग की, तुला नको झालंय म्हणून."

ती उठून गेली. चुरमुऱ्यांची वाटी अर्धी राहिली. मी ती ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन डबा उघडला. त्या आठ कोबीच्या गड्ड्यांकडे बघत बसले. एकेक उचलून रिंगा मोजल्या. अठरा. अठरा. सतरा. पुन्हा मोजल्यावर अठरा. त्या सतरानं मला घाम फुटला.

अंबुबाईनं त्याच संध्याकाळी ग्रुपवर आवाज पाठवला: "नीलमताई, एक सांगू? रागवू नगासा. बाळ यायच्या आदी टोपडं करू न्हाई म्हणत्यात. जुनंच घालायचं असतंय पयलं." आम्ही असलं मानत नाही. मी तो मेसेज चारदा ऐकला.

शनिवारी मी ठरवलं, जाऊन विचारायचंच. काय व्हायचं ते होऊ दे. डबा पिशवीत घातला, वर काळी झेरॉक्स.

सौम्याच्या दारात चपलांची रांग. आत सगळ्या आपापली फुलं टोपड्यांना, रुमालांना जोडत बसलेल्या.

"या की, टेलिफोनबाई!" अंबुबाई म्हणाली. "फूल आणलासा?"

मी खाली बसले. डबा उघडला आणि टीपॉयवर ओतला.

पाच जणींच्या माना एकदम पुढं आल्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सौम्यानं एक उचललं, दिव्याकडं धरलं, फिरवलं.

"अय्यो आक्का, हे काय? एवढ्या रिंगा कुठनं आल्या?"

"तूच लिहिलंयस की. चेन, मग दोन रिंगा."

"दोन रिंगा कुठं लिहिलंय मी?"

मी कागद पुढं केला. बोट ठेवलं.

सौम्यानं वाचलं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा वाचलं. मग सावकाश, लहान पोराला सांगावं तसं म्हणाली, "आक्का, चेन दहा आहे हे. दहा गाठी. दहा लिहिलंय."

"कुठाय दहा?"

"हे की." तिनं माझ्याच बोटाशेजारी बोट ठेवलं.

मी बघितलं. शून्य, शून्य. तिथं दहा नव्हतं. शेजारची तेजस्वी, शाळेत गणित शिकवते ती, वाकून बघून मान हलवायला लागली, "हां, दहाच असणार, मी दहाच केली." सगळ्यांना दहा दिसत होतं आणि मला दोन शून्यं. खोलीतला पंखा चालू होता आणि माझ्या कानांत दुसरं काहीच येत नव्हतं. मला आई दिसली, वांगी चिरत बसलेली, चेहऱ्यावर कसली काळजी नाही. तिलाही त्या दिवशी असंच स्वच्छ दिसत असणार, पोरगी बेळगावला आहे. खोटं दिसत असेल असं तिला वाटलंच नसणार. चुकणाऱ्याला चूक दिसत नाही, तिथंच तर सगळं असतं.

"मला दहा दिसत नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "सौम्या, मला खरंच दिसत नाही गं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग एकाएकी उठली, कपाटाचा खण ओढला, मूळ कागद काढला आणि झेरॉक्सशेजारी ठेवला.

"अय्यय्यो," ती म्हणाली. "अत्तींचा एक!"

मूळ कागदावर पहिला गोल पूर्ण नव्हता. खालून तोंड उघडं होतं. कानडी एक. पुढचं शून्य खरं शून्य. फोटोत आणि त्या काजळ फासलेल्या झेरॉक्समध्ये एकाचं तोंड मिटून गेलं होतं आणि दहाची दोन शून्यं झाली होती.

"त्या दिवशी मी भाकरी थापत होते," सौम्या सांगायला लागली. "वरचं मी लिहिलं. शेवटच्या दोन ओळी मी आतनं सांगितल्या, आमच्या अत्तींनी, सासूबाईंनी लिहिल्या. त्यांना मराठी अक्षर येतंय छान. आकडे तेवढे कानडीच येतात हाताला. मोजायचं म्हटलं की त्या लहानपणीच्या शाळेत जातात बघा." आणि आत तोंड करून, "अत्ती, तुमच्या एकानं आमच्या आक्कांना रडवलं!"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

आतून तिच्या सासूबाई पदराला हात पुसत आल्या, कागद बघितला आणि म्हणाल्या, "एक बरोबरच हाय की. तुमच्या मशिनला कानडी येत न्हाई." सगळ्या हसल्या. त्यांचा दोन आमच्या दोनसारखाच दिसतो, म्हणून त्या ओळीतल्या पहिल्या दोनवर मला संशयसुद्धा आला नव्हता.

"पण तुम्हाला कसं कळलं?" मी अंबुबाईला विचारलं.

"मी कुटं वाचलंय?" ती म्हणाली. "सौम्याचा हात बघिटला आन् केलं. वाचणाऱ्यांचीच फजिती हुती हो, ताई."

तेजस्वीनंही कबूल केलं, कागद तिला नीट लागलाच नव्हता, हात बघूनच केलं होतं. चहा आला. मी तिथंच बसून नववं फूल केलं. सहा रिंगा, दहा गाठींच्या चेना, मागचा पिको म्हणजे आधीच्या रिंगचा शेवटचा, उलटं म्हणजे पालथं. चाळीस मिनिटांत झालं. सपाट. अंबुबाईनं ते तळहातावर घेऊन वर फुंकर मारली आणि म्हणाली, "झालं की. उगं जीव खाल्लासा स्वतःचा."

रिक्षानं परत येताना मी हलकी झाले होते. चौकात लाल एसटी आडवी थांबली. तिच्या पाटीवरचे कानडी आकडे मी वाचले. दोन, तीन, एक, सात. सहज. न अडखळता. लहानपणापासून निपाणी-बेळगाव करताना बसच्या पाट्या वाचतच मोठी झाले मी. त्या पाटीवरचा एक, खालून तोंड उघडा असलेला, माझ्याकडं बघत होता, आणि हा मला येत असून चार आठवड्यांत एकदाही आठवला नव्हता.

सिग्नल सुटला. हलकेपणा चौकातच राहिला.

झेरॉक्स काळी होती, हे खरं. तेजस्वीलाही कागद नीट वाचता आला नव्हता, तिनं हात बघून केलं होतं, हेही खरं. माझी चूक कुणाचीही झाली असती. पण मला त्या चुकीची भीती उरली नव्हती. उरली होती ती मधल्या चार आठवड्यांची. आठ वेळा चुकले, आठ वेळा कापलं, आणि सगळ्यांना सांगितलं, होत आलंय. हसरा चेहरा टाकला. मला जर खरोखरच काही होत असेल तर मी ते असंच करणार होते. बंडलं सोडून, पंचवीसची करून, परत बांधून. मला ते काम चांगलं जमतं. आईचं केलं, माझंही केलं असतं. आणि तोवर बाळ कुठल्या पोत्यावर बसलेलं असतं, कुणास ठाऊक.

घरी आले. दीपंकर निपाणीला एका लग्नाला गेलेले. आमच्या गल्लीत अजून दोन माग चालतात, त्यांचा खटखटाट चालू होता. मैत्री जेवणाच्या टेबलाशी बसून पायांना तेल लावत होती. पोट मध्ये येतं म्हणून तिचा हात घोट्यापर्यंत पोचत नव्हता. मी खाली बसले आणि तिचे पाय मांडीवर घेतले.

"अजून रागात आहेस?"

"नाही. विचार करतेय. पाळणाघर बघीन मी." ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

"मैत्री, तुला आज्जी एकदा बाजारात विसरली होती."

ती हसली. "कधी?"

मी सांगितलं. पोतं, वांगी, नागुबाई, अडीच तास. ती ऐकत होती, अजून अर्धी हसतच, दुसऱ्याच कुणाच्या पोरीची गोष्ट ऐकावी तशी. मग मी बंडलांचं सांगितलं. तेवीस, बावीस, सत्तावीस. रविवार दुपारी बसून पंचवीसची करायची. तिचे पाय माझ्या मांडीवर हलायचे थांबले.

"थांब," ती म्हणाली. "बंडलं आधी, का बाजार आधी?"

"बंडलं."

"किती आधी?"

"पाच महिने."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"माहीत होतं आणि मला तिथं ठेवलंस."

"हो. बाजारानंतरही. आणखी चार महिने, बदलीचा अर्ज मंजूर होईपर्यंत."

तिनं पाय ओढून घेतले. टेबलाला धरून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. आपटलं नाही, लावलं. आपटलं असतं तर मी मागं गेले असते. मी तिथंच फरशीवर बसून राहिले, हाताला तेल. माग थांबले. गल्लीत कुणीतरी कुणाला "शामू रं, ए शामू" म्हणून हाका मारत गेलं. मला वाटलं, झालं. बाळ आता माझ्याकडं येणार नाही, आणि ते बरोबरच आहे, आणि मैत्रीही येणार नाही, आणि तेही बरोबरच आहे.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. डोळे सुजलेले, पण आवाज बँकेतला.

"हे आज का सांगितलंस?"

मग मी फुलाचं सांगितलं. दोन शून्यांचं. ग्रुपवरच्या हसऱ्या चेहऱ्याचं. गॅस बघायला दोनदा परत येते त्याचं. "मला काही झालं असेल किंवा नसेल. पण झालं तर मी लपवीन, मैत्री. मला माझी खात्री आहे. म्हणून पाळणाघर म्हणत होते."

ती उभी राहून ऐकत होती. एक हात पोटावर.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"गुरुवारी माझी तपासणी आहे. त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर मेंदूचे डॉक्टर बसतात. तुझं नाव घालते." तिनं फोन उचलला, मग खाली ठेवला. "आणि मी तुला माफ-बिफ केलेलं नाही. ते बघू नंतर. लई राग आलाय मला."

"येऊ दे."

"पण बाळाचं डॉक्टर काय म्हणतात त्यावर ठरवायचं. तुझ्या मनानं नाही, माझ्या रागानंपण नाही. आणि तोवर काही चुकलं की मला सांगायचं. मोजून सरळ करून ठेवायचं नाही. मीठ जास्त पडलं तरी सांगायचं."

"ते तुला कळतंच."

"आई!"

"बरं. सांगीन."

ती खुर्चीकडं वळली. मी उठायला लागले, गुडघा धरला, तशीच थांबले.

"मग आत्ताच एक सांगू?"

"सांग."

"परवा विक्रमचा फोन आला होता. दुसऱ्या कुणाच्या नंबरवरनं, म्हणून नाव उमटलं नाही. आवाज लगेच ओळखला. जावई आहेत, हुबळीला असतात, चहात साखर घेत नाहीत, सगळं आठवलं. नाव येईना."

मैत्री फसकन हसली. "मी रागात असले की मलापण येत नाही." मग तिचं हसू उतरत गेलं. "किती वेळ?"

'दोन मिनिटं' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. किती छान शब्द होते ते. कुणालाही होतं, दोन मिनिटं.

"फोन ठेवेपर्यंत," मी म्हटलं. "आणि ठेवल्यावरही. संध्याकाळी तू बँकेतनं येऊन त्यांचं नाव घेतलंस तोपर्यंत."

तिनं फोन उचलला, घड्याळाकडं बघितलं. दवाखाना साडेसातला बंद होतो, सात वाजून दहा झाले होते.

"गुरुवार नको," ती म्हणाली आणि नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत होती, माझ्यापर्यंत ऐकू येत होती. दुसऱ्या हातानं तिनं माझं मनगट धरलं, तेलानं निसटलं, पुन्हा धरलं.